भवानीची सूटकेस

आमच्या श्रूजबरीच्या मराठी मंडळानं एकदा अमेरिकेच्या बाजाराला चांगला दणका दिला होता. बाजाराला ते कळलं नाही, ही गोष्ट वेगळी. मला मात्र कळलं, कारण दणका बसला तो मला.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मंडळ म्हणजे आम्ही वीसेक कुटुंबं. अर्धे डॉक्टर, अर्धे इंजिनियर आणि सगळ्यांच्या बायका 'वहिनी'. मीही वहिनीच. लग्नाआधी नागपुरात मी बँकेत होते. परीक्षा देऊन लागले होते आणि प्रोबेशन संपून कायम झाले तेव्हा वडिलांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. 'कायम' या शब्दाची गोडी ज्यानं चाखली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. पुढं अमेरिकेतला इंजिनियर सांगून आला आणि मी ती कायमची नोकरी एक सही करून सोडून दिली. इथं आल्यावर पोळ्या लाटल्या, मुलीला वाढवलं, ड्रायव्हिंग शिकले आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला शंभर माणसांची बटाट्याची भाजी केली. ओळख करून देताना लोक म्हणायचे, "हे आमचे सेक्रेटरी, आणि या वहिनी." संपलं.

मुलगी दिवसभर शाळेत जायला लागली तेव्हा मी मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात अर्ज टाकला. ख्रिसमसच्या हंगामापुरती जादा माणसं घेतात, तशी मला घेतली. सूटकेसच्या विभागात. हंगामी बायकांच्या छातीवर नुसती दुकानाच्या रंगाची पट्टी असायची, कोरी. नाव फक्त कायम झालेल्यांचं, पितळी अक्षरांत. आम्हाला गिऱ्हाइकं 'हनी' नाहीतर 'डिअर' म्हणून हाक मारत. मला ती नावाची पट्टी हवी होती, अगदी हट्टानं हवी होती. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाले, "एवढ्याशा पट्टीचं काय गं?" ज्याचं नाव दारावर, मेलबॉक्सवर आणि मंडळाच्या प्रत्येक पत्रकावर, त्याला काय कळणार कपाळ!

पण एक सांगते, पहिल्या दिवशी दुकान उघडलं आणि माझ्यासमोर पहिलं गिऱ्हाईक उभं राहिलं ते हेच. ऑफिसला दांडी मारून, टायबिय लावून. "तुझी भवानी मी करणार," म्हणाले. चाकांची मोठी निळी सूटकेस घेतली. आम्हाला त्या वर्षी भारतात जायचंही नव्हतं! मी त्या नोटा डोळ्यांना लावल्या आणि मग गल्ल्यात टाकल्या. आपल्याकडे सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे दुकानदार लावतो, तशा. शेजारी माझ्यासारखीच हंगामी लागलेली एक अमेरिकन पोरगी होती, विशीतली, सदा च्युइंग गम चघळणारी, स्वभावानं गरीब. ती बघतच राहिली. तिला वाटलं मी नोटा हुंगून बघतेय, खऱ्या आहेत की खोट्या. काय सांगू, त्या दिवशी मला माझा नवरा फार आवडला होता.

मग मंडळातले लोक येऊ लागले. निम्मी कुटुंबं डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाणारी, त्यामुळे सूटकेस हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. अमेरिकन माणूस सूटकेसचा रंग बघतो. आपला माणूस आधी तिच्यावर बसून बघतो, मग बायकोला बसवून बघतो. आमचे अध्यक्ष हृदयाचे डॉक्टर होते. त्यांनी कडीला स्टेथोस्कोप लावायचा तेवढा बाकी ठेवला होता. असो. पाच कुटुंबांनी माझ्याकडून सूटकेसी घेतल्या आणि "आपल्या वहिनींचाच खप व्हायला हवा" असं म्हणून माझ्या जिवाला बरं वाटेल असं केलं. बाकीच्यांनी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, नोव्हेंबरअखेरच्या त्या सणाचा मोठा सेल लागला की येतो, असा शब्द दिला.

त्या शब्दावर माझी सगळी भिस्त होती. कारण आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला आणि त्या पोरीला बोलावून सांगितलं होतं की ख्रिसमसनंतरही राहायला दोघींपैकी एकीलाच कायम करणार, आणि ते थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारीच ठरणार. त्याआधीचे शुक्रवार, शनिवार, रविवार बघणार. जिची विक्री जास्त ती राहील. शुक्रवारी दोघी, शनिवारी मी, रविवारी ती. आणि परत आलेला माल ज्या मुलीनं विकला असेल तिच्या विक्रीतून वजा. हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं. हे पेपर वाचत होते. "हं," म्हणाले. संसारात 'हं' म्हणजे ऐकलं असं धरून चालायचं, ही माझी चूक नव्हे, सगळ्याच बायका तसं धरतात.

मग आली मंडळाची दिवाळी. खरी दिवाळी होऊन पंधरवडा उलटला होता, पण शाळेचं कॅफेटेरिया त्याच शनिवारी रिकामं मिळालं, म्हणून आमचं लक्ष्मीपूजन त्या दिवशी. मी आत भाजी गरम करत होते. बाहेर अध्यक्ष बोलायला उभे राहिले, थ्री-पीस सुटात. विषय घेतला चंगळवाद. आपल्या आजोबांनी विलायती कापडाची होळी केली आणि आपण इथं येऊन मॉलमध्ये रांगा लावतोय, वगैरे. आवाज चढला की डॉक्टरांचा चष्मा खाली यायचा, तो दोनदा आला. मग माझे यजमान उठले. कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेल्या माणसाला माइक दिसला की राहवत नाही. म्हणाले, "एक दिवस! फक्त एक दिवस, थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, आपण काहीही खरेदी करायची नाही. या बाजाराला दाखवून देऊ!"

लोकांनी हातातल्या चकल्यांसकट हात वर केले. एकमतानं पास. इथं स्वदेशी कोण आणि विदेशी कोण, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. दुकानातला माल अमेरिकनांचा स्वदेशीच होता हो. विलायती होतो ते आपण. मी डाव हातात घेऊन बाहेर आले तोवर टाळ्या चालू होत्या. माझ्याकडे बघून अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "वहिनी, किती छान बोलले तुमचे हे!"

गाडीत बसल्यावर मी तोंड उघडलं. "अहो, मी त्या दुकानात काम करते. त्याच शुक्रवारी."

"माहितीय की मला," हे म्हणाले.

"मग?"

"मग काय? तू विकतेस. बहिष्कार खरेदीवर आहे, विक्रीवर नाही. तुला लागू नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "आणि मी विकायचं कुणाला? भिंतीला?" तर म्हणाले, अमेरिकन गिऱ्हाइकं आहेत की. म्हणजे बघा, बाजार मोडायचा तो मराठी माणसानं आणि माझा खप सांभाळायचा तो अमेरिकन माणसानं! मी म्हटलं, निदान रविवारचा करा तुमचा बहिष्कार, नाहीतर बुधवारचा करा. तर म्हणे तत्त्वाला सोयीचा वार नसतो. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती म्हणून हे वाचले.

शुक्रवार उजाडला. दुकानाचं दार उघडलं आणि लोंढा आत घुसला. माणसावर माणूस. एका आजीबाईंनी दुसऱ्या आजीबाईंच्या हातातली टेबलक्लॉथ ओढली आणि दोघींची चांगली जुंपली. चंगळवादाला आमच्या वीस कुटुंबांची उणीव भासत असल्याचं मला तरी कुठं दिसलं नाही. मी मान खाली घालून विकत सुटले. त्या पोरीला माल दाखवता येत नसे, मला येई. दहा वाजेपर्यंत मी तिच्या पुढं होते आणि मनात म्हणत होते, घाला बहिष्कार, माझं काही अडत नाही.

तेवढ्यात गर्दीतून अध्यक्ष येताना दिसले. मागून अध्यक्षीणबाई. आणि दोघांच्या हातात दोन सूटकेसी, माझ्याकडून घेतलेल्या.

"वहिनी, घाबरू नका!" डॉक्टर हसत म्हणाले. "खरेदीला नाही आलो. परत करायला आलोय."

"का? कडी बिघडली?"

"छे छे. बहिष्कार नुसता निष्क्रिय नको, सक्रिय हवा. घ्यायचं नाही एवढंच नव्हे, घेतलेलंही परत करायचं. तुमच्या यजमानांचीच आयडिया. काल सगळ्यांना फोन केले त्यांनी."

मी म्हटलं, "डॉक्टर, परत केलेलं माझ्या विक्रीतून जातं." त्यांनी चष्मा वर सरकवला आणि अतिशय प्रेमानं म्हणाले, "वहिनी, मोठ्या लढ्यात थोडं सोसावं लागतं." सोसायचं मी आणि लढा यांचा! पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी पावती घेतली, पैसे परत दिले, हसले. त्यांच्या मागं दुसरं कुटुंब उभं होतं. त्यांच्या मागं तिसरं. पाचच्या पाच कुटुंबं आली हो, एकामागून एक, सूटकेसी ढकलत, सणाला आल्यासारखी एकमेकांना नमस्कार करत. "यार, आधी मला वाटलं आपल्याच्यानं होणार नाही," एक इंजिनियर दुसऱ्याला सांगत होते, "पण परत केल्यावर फार मोकळं वाटतं." तासाभरात मी त्या पोरीच्या मागं पडले.

आणि सगळ्यात शेवटी रांगेत हे उभे. हातात निळी सूटकेस.

मला आधी वाटलं, मदतीला आले असतील. मग पावती पुढं आली.

"अहो," मी म्हटलं, "ही भवानीची आहे."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, सगळ्यांना करायला सांगितलं आणि आपणच नाही केलं तर बरं दिसेल का?"

भवानीची वस्तू कुणी परत करतं का हो? नागपुरात अट्टल भांडकुदळ गिऱ्हाईकसुद्धा करणार नाही. पण मागं लोक खोळंबले होते. मी सूटकेस आत घेतली आणि नवऱ्याच्या हातावर पैसे मोजून ठेवले. ते "थँक यू" म्हणाले आणि गेले. सवयीनं म्हणाले असतील, पण ते 'थँक यू' मला आजही टोचतं.

शनिवारी मी जिवाचं रान केलं. जेवायला सुट्टी घेतली नाही. पंधरा वर्षं गावाबाहेर न पडलेल्या एका म्हाताऱ्याला मी सूटकेस विकली, तो नुसता हातमोजे शोधत आला होता. संध्याकाळी विभागप्रमुख बाई म्हणाल्या, तू जवळजवळ बरोबरीला आली आहेस, आता उद्या ती किती विकते ते बघायचं. म्हणजे सगळं रविवारवर आलं, आणि रविवारी मी घरी. घरी कशाला? तर बहिष्कार यशस्वी झाल्याबद्दल जेवण आमच्याकडे! यांनी परस्पर सगळ्यांना आमंत्रण देऊन टाकलं होतं. मला सुट्टीच होती ना.

रविवारी सकाळी मी पुऱ्यांची कणीक मळत होते आणि मनात एकच चाललं होतं, देवा, आज फूटभर बर्फ पाड, मॉलचा रस्ता बंद होऊ दे, त्या पोरीकडे काळं कुत्रं फिरकू देऊ नकोस. बर्फ नाही पडलं. लख्ख ऊन पडलं. दुपारी पाहुणे यायला लागले. बायका आत येऊन "वहिनी, किती करता तुम्ही!" म्हणायच्या आणि सोफ्यावर बसायच्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, श्रीखंडाचं पातेलं जड आहे, डिकीतून काढायला जरा हात लावा.

मी गेले. त्यांनी डिकी उघडली. पातेलं घट्ट बसलं होतं, दोन नव्याकोऱ्या सूटकेसींच्या मधोमध. दुकानाची लेबलं तशीच लटकत होती. माझ्या विभागाची.

"हे काय?" मी विचारलं.

"अगं बाई, सेल संपेल ना आज!" त्या म्हणाल्या. "वाटेत थांबलो. आम्हाला भारतात जायचंय की दोन आठवड्यांत. आधी घेतल्या त्यापेक्षा इतक्या स्वस्त मिळाल्या! तुम्ही नव्हता ना, म्हणून त्या मुलीकडून घेतल्या. गोड आहे हो मुलगी."

"आणि बहिष्कार?"

"तो शुक्रवारचा होता ना."

मी पातेलं तिथंच ठेवलं आणि बाकीच्या गाड्यांच्या काचांतून डोकावत गेले. एकीच्या मागच्या सीटवर दोन, दुसरीत एक आडवी टाकलेली, तिसरीत लहान मुलांच्या खुर्चीशेजारी पट्टा बांधून बसवलेली, चौथीत एकीवर एक. पाचच्या पाच कुटुंबं. ज्या सूटकेसी माझ्या नावावरून उतरल्या, त्या तिच्या नावावर चढल्या होत्या.

आत आले तेव्हा डॉक्टर हॉलमध्ये उभे राहून बोलत होते. मला बघून त्यांना हुरूप आला. "आता वहिनीच सांगतील! त्या प्रत्यक्ष रणांगणावर होत्या. वहिनी, बोला, आपल्या एका दिवसाच्या बहिष्कारानं फरक पडला की नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. हे अभिमानानं हसत होते.

"पडला," मी म्हटलं. "माझी नोकरी गेली."

मग कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले. टाळ्या पडल्या! वहिनी म्हणजे फार विनोदी, असं कुणीतरी म्हणालं.

तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. मी स्वयंपाकघरात गेले, तेलाखालचा गॅस बंद केला, हात धुतले आणि हॉलमध्ये येऊन डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीत बसले. "आजपासून नाही," मी म्हटलं, "आजच्या दिवसापुरता, फक्त एक दिवस, माझा पुऱ्यांवर बहिष्कार. कणीक मळलेली आहे. ज्यांच्या गाडीत नवी सूटकेस आहे त्यांनी खुशाल लाटाव्यात."

आता हसणं थांबलं. दोन बायका येऊन माझ्याजवळ बसल्या, एक प्रेमानं आणि एक पाय दुखतात म्हणून. अध्यक्षीणबाईंनी लाटणं हातात घेऊन पाहिलं आणि ठेवून दिलं. मुलं "मॉम, आय ॲम हंग्री" करायला लागली. यांनी स्वतः पुऱ्या तळायला घेतल्या, तेल इतकं तापवलं की घरभर धूर झाला आणि छतावरचा अलार्म कोकलायला लागला. हृदयाचे डॉक्टर टॉवेल हलवत स्टुलावर उभे राहिले. शेवटी चंगळवादाच्या विरोधातलं ते जेवण सुपरमार्केटातून आणलेल्या पावाबरोबर झालं. पाव आणायला अध्यक्षच गेले. दुकानात फार गर्दी होती, असं येऊन म्हणाले.

सोमवारी कामावर गेले तर ती पोरगी धावतच आली. तिच्या छातीवर पितळी अक्षरांत तिचं नाव असलेली पट्टी होती, वाकडी लावलेली. विभागप्रमुख बाई मला म्हणाल्या, "फार थोड्यानं राहिलं, डिअर. वाईट वाटतं मला." त्यांना खरंच वाटत होतं. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पोरीनं माझा हात धरला. म्हणाली, "तुमची माणसं किती चांगली आहेत! काल पाच कुटुंबं आली. येऊन विचारायची, तू आमच्या वहिनीची मैत्रीण ना? मग आम्ही तुझ्याकडूनच घेणार. आमच्याकडे असं कुणी कुणासाठी करत नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मी तिची पट्टी सरळ करून दिली आणि दिवसभर माझी कोरी पट्टी लावून सूटकेसी पुसत राहिले.

घरी आले तर हे दारातच. "काय झालं गं?"

"नाही झाले कायम," मी म्हटलं आणि बूट काढायला खाली बसले.

त्यांचं तोंड उतरलं. वाईट वाटलं त्यांना, नाही असं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ, हीच ती भांडवलशाही. यांना माणसाची किंमत नसते."

बर्फातला जड बूट माझ्या हातातच होता. म्हटलं, "भांडवलशाहीनं मला शुक्रवारी सकाळी फुकट कॉफी दिली आणि गुड लक म्हटलं. माझी भवानी परत करायला रांगेत तुम्ही उभे होतात."

त्यांनी बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.